वार्धक्यातील आहारधर्म

उतारवयात देहाची चिंता वाहणे ही आसक्ती की कर्तव्य, हा प्रश्न कित्येक सात्त्विक वृद्धांना मनापासून छळतो. आणि ‘आता राहिले किती दिवस’ असे म्हणत चहाबिस्किटांवर किंवा वाटीभर मऊ भातावर दिवस काढणाऱ्यास आपण विरक्त म्हणतो, तेव्हा वैराग्य आणि हेळसांड यांतील भेद आपल्या दृष्टीआड झालेला असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायाने अतिभोजन करणाऱ्यास योगाचा अधिकार जसा नाकारला, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही नाकारला आहे. आणि सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे लक्षण सांगताना आयुष्य व आरोग्य यांच्या वृद्धीचा उल्लेख निःसंकोचपणे आला आहे.

वय वाढते तशी आतड्यांची गती मंदावते आणि रक्तवाहिन्या ताठर होत जातात. अशा वेळी पालेभाज्या, शेंगभाज्या, भोपळा यांतील जो तंतुमय अंश आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो, आणि तेथे वस्ती करून असलेले असंख्य सूक्ष्म जंतू त्याचे किण्वन करून जी मेदाम्ले निर्माण करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. त्यातील विद्राव्य तंतू पित्ताम्लांना आपल्यासवे बाहेर नेतात, तेव्हा नवी पित्ताम्ले घडविण्यासाठी यकृतास रक्तातील कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. भाज्यांतील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करते. आणि हृदयावरील भार हलका होतो. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात गृहस्थाने आपल्या अन्नातील वाटा इतर जीवांस द्यावयाचा असतो. भाजीचा घास घेणारा वृद्धही नकळत तेच करीत असतो: स्वतःला न पचणारा अंश तो त्या जीवांच्या स्वाधीन करतो, आणि ते त्याचा देह राखतात. जे भोजन असे परस्परांच्या पोषणाने सिद्ध होते, त्याला केवळ भोग कसे म्हणावे?

आपल्या व्रतांत या विचाराला अनुकूल असा एक दस्तूर आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या कष्टांवाचून पिकलेल्या भाज्यांचीच भाजी करतात, आणि हे व्रत विशेषतः वडीलधाऱ्या स्त्रिया निष्ठेने पाळतात. अळू, माठाचे सोललेले देठ, लाल भोपळा, शिराळे, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे हे सारे मंद आचेवर एकत्र शिजते, आणि बहुतेक घरी मसाल्याला त्यात मज्जाव असतो. ही भाजी शिजून इतकी मऊ होते की कणसाचे दाणे सोडले तर दात गेलेल्या आजीबाईंनाही ती सहज खाता यावी. एका दिवसाच्या या व्रतातील संयम आणि वैविध्य नित्याच्या ताटात आले पाहिजे. बटाट्यासारखे पिष्टमय कंद वगळून रोज निदान 400 ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

यातही विवेक हवाच. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पोटॅशियमयुक्त भाज्या वाढवू नयेत. परंतु एवढी तजवीज केल्यावर जबाबदारी उरते ती घरच्या कर्त्या माणसांची. वडिलांना गाजर चावत नसेल तर ते किसून वाढावे, पालेभाजी बारीक चिरून डाळीत मिसळावी, आणि त्यांनी ‘नको’ म्हटल्यास त्या नकाराला विरक्तीचे नाव देऊन आपण मोकळे होऊ नये. देहाची ममता सोडणे हा ज्याचा त्याचा अधिकार. वडिलांच्या देहाची निगा राखणे हे मात्र आपले ऋण आहे.