म्हातारपणाचा हिशेब तोळ्यांत होत नाही

एप्रिल 2025 मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला आणि निवृत्त होणाऱ्यांना एक सल्ला सर्रास मिळू लागला: फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे काढा, वेढणी घ्या, बिस्किटे घ्या, लॉकरमध्ये ठेवा. या सल्ल्याचा पाया असा, की रुपया सरकारच्या मर्जीवर चालतो, सोने कोणाच्याच मर्जीवर चालत नाही. यातला पहिला भाग मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे, कारण तो अशा माणसाला सांगितला जातो, ज्याला ही रक्कम पुन्हा कमावता येणार नाही.

रुपयावरचा अविश्वास मुळापासून समजून घ्यायचा तर डॉ. आंबेडकरांच्या 1923 सालच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाकडे जायला हवे. अर्थशास्त्रज्ञ केन्सने 1913 मध्ये हिंदुस्थानातील सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे देशात रुपयाच चालवून त्याचा सोन्याशी दर सरकारने टिकवण्याच्या पद्धतीची, तरफदारी केली होती. आंबेडकरांनी तिच्यावर घाव घातला. रुपये किती पाडायचे याला मर्यादा नसेल, तर सरकार ते पाडत राहणार आणि महागाईचा भार गरिबावर पडणार, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच चलनाचा प्रश्न तपासणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी लोकांना आधीच बंद असलेली टांकसाळ सरकारलाही बंद करा, सोन्याचे नाणे सुरू करा, अशी मांडणी केली. सुवर्णवादी इथवरच वाचतात. पण रुपयाचा सोन्याशी असलेला दर टिकला म्हणजे रुपया स्थिर राहिला, हे म्हणणे आंबेडकरांनी साफ नाकारले होते. त्याच रुपयात वस्तू किती येतात, ही त्यांची कसोटी. सोने त्यांना हवे होते ते सरकारचा हात बांधण्यासाठी. माझ्या-तुमच्या लॉकरमधल्या वेढण्याने कोणत्याही सरकारचा हात बांधला जात नाही.

आता तीच कसोटी सोन्याला लावू. 2012 च्या अखेरीस दहा ग्रॅमचा भाव 31-32 हजारांच्या घरात होता. जुलै 2015 मध्ये तो 25 हजारांपर्यंत उतरला आणि 2018 मध्येही 31 हजारांच्या आसपासच रेंगाळत होता. या सहा वर्षांत औषधे आणि घरभाडे थांबले नव्हते. 2012 मध्ये निवृत्त होऊन सगळे सोन्यात घातलेल्या माणसाला 2025 च्या भावाचे दाखले देऊन काय उपयोग? घर चालवायला त्याला मधल्या पडत्या भावातच तोळा तोळा मोडावा लागला असता. शिवाय खर्च पाहा. लाखाच्या भावाने 30 लाखांचे सोने घेतले, तर जीएसटीतच सुमारे 87 हजार जातात आणि हाती जेमतेम 291 ग्रॅम येते. दागिना असेल तर घडणावळ वेगळी, मोडताना घट वेगळी. लॉकर फोडला गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच. तेच 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये देतात, आणि मुद्दल शाबूत राहते.

यावर कोणीही विचारील, की पाच वर्षांनी त्या 61,500 रुपयांत काय येणार? हा आक्षेप मी टाळू शकत नाही. आंबेडकरांची कसोटी या व्याजालाही लागते आणि ते तिथे कमी पडते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले किमान पेन्शन 2014 मध्ये महिना हजार रुपये ठरले; 2025 मध्येही ते हजारच होते, महागाई भत्त्याविना. म्हणजे लोकांचा अविश्वास अडाणीपणाचा नाही, तो अनुभवातून आलेला आहे. त्यापोटी कोणी बचतीचा दहावा हिस्सा सोन्यात ठेवला, तर मी त्याला शहाणाच म्हणेन. पण सगळी पुंजी सोन्यात घालणे म्हणजे दर महिन्याला लागणाऱ्या पैशाचा प्रश्न भावाच्या लहरीवर सोडणे. शिवाय ज्याच्याकडे 30 लाख नाहीत, हजाराच्या पेन्शनवरच ज्याची मदार आहे, त्याला सोन्याचा सल्ला काहीच देत नाही. पेन्शन महागाईशी बांधा, ही मागणी त्याच्यासाठीही आहे आणि लाखाच्या भावाने वेढणी घेणाऱ्यासाठीही. निवृत्तांच्या संघटनांनी आपली ताकद तिथे लावली पाहिजे.