कोणीं बिघडविलें आणि काय बिघडलें

घरांतील एखादें यंत्र चालतां चालतां बंद पडलें म्हणजे माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो, याकडे वाचकांनीं कधीं लक्ष दिलें आहे काय? दूरदर्शन संच मुका झाला, मिक्सर फिरेनासा झाला, किंवा दिवाणखान्यांतील दिवा लुकलुकूं लागला, कीं "काय बिघडलें?" असें विचारणारा विरळा, "कोणीं बिघडविलें?" हाच प्रश्न सर्वांच्या मुखीं. मग काल रात्रीं संच कोण पाहत होतें, मिक्सरांत खोबरें कोणीं ठासून भरलें, याची चौकशी सुरू होते. धाकट्या मुलावर किंवा कामाच्या बाईंवर आरोप निश्चित होतो, चार कठोर शब्दहि उच्चारले जातात. आणि यंत्र मात्र होतें तसेंच बंद राहतें.

हे दोन प्रश्न ऐकण्यांत जवळजवळ सारखे असले तरी त्यांची जात अगदीं भिन्न आहे. पहिला माणसाकडे बोट दाखवितो व उत्तर मिळतांच स्वस्थ होतो. दुसरा वस्तूकडे पाहतो व उत्तर खरें ठरेपर्यंत आपणांस स्वस्थ बसूं देत नाहीं. पहिल्यास आम्ही दोषारोप म्हणतों, दुसऱ्यास दोषशोध. घरगुती यंत्रांची दुरुस्ती ही दोषशोधाची एक उत्तम शाळा आहे, आणि तींत जें शिकावयास मिळतें त्याचा उपयोग यंत्रांपेक्षां माणसांशीं वागतांना अधिक होतो, असें आमचें मत आहे. पेचकस हातीं घेण्याचा हा विषय या पानांत कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांनीं पुढील हकीकत वाचून मग निवाडा द्यावा.

प्रथम या शाळेंतील एकदोन पाठ सांगतों. रिमोट दाबूनहि संच चालत नाहीं. दोष रिमोटांत कीं संचांत? चिडलेला मनुष्य रिमोट तळहातावर आपटतो व नशिबास बोल लावतो. शोध करणाऱ्याचा मार्ग निराळा. रिमोटच्या टोकाशीं जो बारीक दिवा असतो त्याचा प्रकाश अवरक्त असल्यामुळें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्यास, विशेषतः पुढील बाजूच्या, तो बहुधा दिसतो. कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबावें. पडद्यावर फिकट ठिपका लुकलुकला तर रिमोटवरील संशय बहुतांशीं फिटला; न लुकलुकल्यास नवे सेल घालून पुन्हां पाहावें. ठिपका दिसूनहि संच चालत नसेल, तर संचावरील बटणानें तरी तो चालतो काय तें पाहावें. अशा रीतीनें दर पायरीस संशयाचें क्षेत्र आखडत जातें, आणि अखेर ज्याच्यावर दोष येतो त्याच्यावर तो पुराव्यानें येतो, रागानें नव्हे.

दुसरा पाठ फ्यूजचा. प्रवाह फाजील झाला कीं फ्यूजची बारीक तार वितळून वीज तोडते. जळालेला फ्यूज दिसतांच "सांपडला चोर!" असें म्हणून नवा फ्यूज घालणारे पुष्कळ असतात, तोहि जळाला म्हणजे त्या जागीं चांगली जाड तार बसविणारे महाभागहि कांहीं थोडे नाहींत. वास्तविक फ्यूज हा चोर नव्हे, पहारेकरी होय. चोर त्याच्या पलीकडे कोठें तरी दडलेला असतो: एखादी घासून उघडी पडलेली तार, किंवा आंतल्या आंत जळून दोन्ही बाजूंनीं वीज सोडूं लागलेला डायोड. पहारेकऱ्याचें तोंड बांधून जो सुखानें निजतो, त्याच्या घरास आग लागल्यास नवल कसलें?

हे पाठ आज आम्ही मोठ्या ऐटीनें सांगत असलों तरी ते आम्हांस अगदीं सहज आले नाहींत. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक वॉशिंग मशीन घेतलें. घर जुनें, पेठेंतलें. विजेच्या तारा वडिलांच्या वेळच्या. मशीन न्हाणीघराशेजारीं, जेथें फरशी नेहमीं ओली असते अशा जागीं ठेविलें. पंधरा दिवस झाले नसतील तोंच धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई आमच्या पत्नीस म्हणाल्या, "काकू, तुमचं मशीन चावतंय हो." आम्हीं जाऊन मशीनवर चांगला हात फिरविला, आम्हांस कांहींच लागलें नाहीं. मनांतली भीति असेल, असें सांगून आम्हीं बाईंची समजूत घातली. आठवड्यानें त्यांनीं तीच तक्रार केली, तेव्हां "कामाचा कंटाळा, दुसरें काय!" असा शेरा आम्हीं त्यांच्या माघारीं मारला, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढें एके दिवशीं न्हाऊन बाहेर येतांना आमच्या पत्नीचाच हात मशीनला लागला व कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आणि तक्रार त्या क्षणीं खरी ठरली!

मग मशीन विकणाऱ्या कंपनीचा कारागीर आला. त्यानें तपासणी करून सांगितलें, "मशीनमध्ये काही नाही, साहेब. घराचं अर्थिंग बघून घ्या." आम्हांस वाटलें, हा अंग झाडतो आहे. त्यास खोटें पाडण्याच्याच ईर्ष्येनें आम्हीं बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली गांठून एक मल्टिमीटर विकत आणला. मशीनचें धातूचें अंग व नळाची पितळी तोटी यांच्यामध्यें मोजून पाहतों तों शंभराहून अधिक व्होल्ट! मशीनचा अपराध सिद्ध झाला असें वाटून आम्हांस क्षणभर आनंद झाला. परंतु भिंतींतील सॉकेटच्या तिसऱ्या छिद्राशीं मोजलें असतां जो आंकडा यावयास हवा तो कांहीं केल्या येईना. शेवटीं मुख्य स्विच बंद करून बोर्ड उघडला. तिसऱ्या छिद्रामागें तारच नव्हती. कित्येक वर्षांपूर्वीं कोणीं तरी तीन छिद्रांचें सॉकेट बसवून त्यांतील दोनच जोडलीं होतीं. तिसरें केवळ शोभेचें होतें.

यांतील शास्त्र असें आहे. अशा यंत्रांत विजेंतील खरखर अडविण्याकरितां एक गाळणी असते, आणि तिच्यांतील लहान कपॅसिटर वीज आणणाऱ्या दोन्ही तारांना यंत्राच्या धातूच्या अंगाशीं जोडतात. त्यांतून अत्यल्प, सहसा एक मिलिअँपियरहूनहि कमी, प्रवाह सतत झिरपतो. तो भूमितारेनें निमूटपणें जमिनींत जावा अशी योजना असते. भूमितार नसली म्हणजे यंत्राचें अंग २३० व्होल्टच्या सुमारें निम्म्या दाबावर राहतें, आणि ओल्या फरशीवर उघड्या पायांनीं उभें राहून जो त्यास हात लावील त्याच्या देहांतून तो प्रवाह वाट काढतो. हा चिमटा स्वतः प्राण घेणारा नव्हे. पण मशीनमधील एखादी तार सुटून त्याच्या अंगास लागली असती, तर त्याच वाटेनें प्राण घेणारा प्रवाह गेला असता, आणि तो कोणाच्या देहांतून गेला असता हें सांगावयास ज्योतिषी नको.

आतां आम्हांस झटका कां बसला नाहीं? कारण आम्ही घरांत रबरी सपाता घालून वावरतों. बाई आपल्या चपला आमच्या दाराबाहेर काढून ठेवीत. जी रीत त्या आमच्या घराचा मान म्हणून पाळीत होत्या तिनेंच त्यांस धोक्यांत उभें केलें होतें. आणि ज्या सपातांमुळें आम्हांस कांहीं कळलें नाहीं त्यांच्याच जोरावर आम्हीं त्यांस भित्र्या व आळशी ठरविलें होतें. त्या दिवशीं तीन आरोपी निर्दोष सुटले: मशीन, कारागीर आणि बाई. त्यांतील पहिल्या दोघांविषयीं आम्हांस फारसें वाईट वाटलें नाहीं. तिसरीविषयीं जें वाटलें तें अजून गेलेलें नाहीं. मल्टिमीटरनें जें सांगितलें तेंच त्या महिनाभर सांगत होत्या. त्याचा आंकडा पाहतांच आमचा विश्वास बसला, माणसाच्या शब्दानें मात्र बसला नव्हता. परवानाधारक वायरमनकडून आम्हीं भूमितार घालून घेतली, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपियरचा फरक पडण्याच्या आंत वीज तोडणारा स्विचहि बसविला. बाईंची क्षमा मागितली तेव्हां त्या म्हणाल्या, "आता चावत नाही ना? मग झालं." एवढ्यावर त्यांनीं प्रकरण मिटविलें. आमच्यानें तें इतक्या सहज मिटविलें गेलें नाहीं.

कोणी म्हणेल, तर मग प्रत्येक वेळीं स्वतःलाच दोषी धरावें काय? मुळींच नाहीं. आत्मनिंदा हाहि दोषारोपाचाच एक प्रकार, फक्त बोटाची दिशा उलटी. कित्येकदां दोष खरोखरच घडविणाऱ्याचा असतो. १९२४ सालीं जिनीव्हा येथें निरनिराळ्या देशांतील दिवे करणाऱ्या कंपन्यांनीं करार करून दिव्याचें आयुष्य हजार तासांवर आणण्याचें ठरविलें, आणि ज्याचे दिवे अधिक टिकतील त्यासच दंड ठेविला. त्या काळीं दिवा लवकर गेला म्हणून घरांतल्या घरांत भांडणाऱ्यांस खरा अपराधी दूर कोठें तरी बसला आहे याची कल्पनाहि नसेल. म्हणून शोध करावयाचा तो निःपक्षपाती असावा. त्याचा निकाल आधीं ठरलेला नसावा, आपल्या बाजूचा नाहीं आणि विरुद्धहि नाहीं.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो आम्हांस मान्य आहे. मायक्रोवेव्ह भट्टींतील कपॅसिटर, भट्टीची पिन काढून घेतल्यावरहि, हजारों व्होल्टचा भार धरून ठेवूं शकतो. तेथें हौशी माणसानें हात घालणें हें शुद्ध आत्मघातकीपणाचें आहे. पण आपल्या ज्ञानाची हद्द कोठें संपते हें ओळखून काम जाणत्याच्या हातीं सोंपविणें, हाहि याच शाळेंतला धडा आहे. कारागिराचें बोलणें आम्हीं पहिल्याच दिवशीं ऐकलें असतें तर मल्टिमीटरची गरजच नव्हती.

या दोन्ही प्रश्नांना टाळणारा एक तिसरा वर्ग आहे. तो कोणीं बिघडविलें हेंहि विचारीत नाहीं व काय बिघडलें हेंहि नाहीं. तो वस्तु फेकून नवी आणतो. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यांतील २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळाबेरीज व पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. या ढिगांत खरोखर निकामी झालेलें पुष्कळ असेल; पण ज्यांना कोणीं एकदां उघडूनहि पाहिलें नाहीं अशीं यंत्रेंहि त्यांत असलींच पाहिजेत. शिवाय कित्येक यंत्रें आतां गोंदानें अशीं चिकटविलेलीं असतात कीं तीं उघडूं म्हटल्यास फुटावीं. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू झाली व त्याचा विचार करण्यास आपल्या सरकारनेंहि २०२२ सालीं समिति नेमली, ती योग्यच गोष्ट झाली. ज्यास वस्तु उघडण्याची मनाई, त्यास "काय बिघडलें?" असें विचारण्याचीच मनाई, मग त्याच्याजवळ पहिला प्रश्न तेवढा उरतो.

आमचें मशीन अद्याप चालू आहे. घरांत कांहीं बिघडलें म्हणजे पहिला प्रश्न अजूनहि आमच्या जिभेवर येतोच. स्वभावास औषध नाहीं म्हणतात तें खोटें नव्हे. पण दुसऱ्याची तक्रार खोटी ठरविण्यापूर्वीं आपल्या पायांत काय आहे तें खालीं वांकून पाहण्याची संवय आम्हीं लावून घेतली आहे. सपाता आम्ही अद्याप घालतों. त्या पायांत असतांना आपणांस कांहीं लागलें नाहीं एवढ्यावरून निकाल देत नाहीं, इतकेंच.