दुःखाच्या दिवसांत प्रभूची मंद वाणी

(वाचनासाठी : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते १८)



आपल्या किनाऱ्यावर आषाढ आला म्हणजे होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, समुद्राला उधाण असते, आणि कित्येक घरांत जुन्या दुःखाची आठवण पुन्हा ताजी होते. आपल्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत त्या काळी, ता. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येचा सुमार होता. पोटापाण्यासाठी मुंबईत राहणारी आपल्या बाजूची माणसे घरी परतत होती. काश्याच्या खडकाजवळ तुफान वारा व लाटा यांनी ती बोट कलंडली व बुडाली. सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईस खबर पोहोचावयास दुपार उलटून गेली. त्यानंतर महिना भरण्याच्या आतच देश स्वतंत्र झाला. गावोगाव दिवे लागले असतां ह्या किनाऱ्यावरील किती घरांत अंधार असेल, ह्याची कल्पना करावी.

हे दुःख केवळ समुद्राकाठचेच आहे असे नाही. ता. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस देह हाती आले. बेपत्ता राहिलेल्या सत्तावन्न जणांचा शोध चार दिवसांनी थांबवावा लागला. समुद्र असो किंवा डोंगर, ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी रडणे फार कठीण असते. माती द्यावयास नाही, फुले ठेवावयास कबर नाही. दार वाजले की तोच आला असे वाटते. याकोबापुढे योसेफाचा केवळ रक्ताने माखलेला झगा ठेवण्यात आला, तेव्हा त्याच्या मुलामुलींनी पुष्कळ समजूत घातली तरी त्याने आपले समाधान होऊ दिले नाही. पवित्र शास्त्राने त्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग अशा घरात ख्रिस्ती सांत्वन ते कोणते? परमेश्वर दुःखी मनुष्याशी कसा वागतो, हे आपण एलीया संदेष्ट्याच्या चरित्रात पाहू.

एलीयाने कर्मेल डोंगरावर मोठे धैर्य दाखविले होते. परंतु ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी देताच त्याचे मन खचले. चाकराला मागे ठेवून तो एकटाच रानात गेला, एका झुडपाखाली बसला, आणि आपला प्राण काढून घ्यावा अशी त्याने देवाजवळ मागणी केली. केवढा हा देवाचा मनुष्य, आणि केवढे हे शब्द! तेव्हा आमच्यापैकी कोणी दुःखाने असे काही बोलले, तर त्याचा विश्वास गेला असे म्हणण्याची घाई आपण करू नये. लाजाराच्या कबरेजवळ आपला प्रभु स्वतः रडला. आपण त्याला उठविणार हे त्याला ठाऊक असतांही तो रडला.

आता परमेश्वराने प्रथम काय केले ते पाहा. त्याने एलीयाला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने येऊन त्याला स्पर्श केला आणि खावयास सांगितले. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी होते. तो जेवला व पुन्हा निजला. तेव्हा देवदूत दुसऱ्यांदा आला. आपल्या गावात मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पेज किंवा पिठलेभात घेऊन जातात. ही रीत लहान समजू नका. ते देवदूताचे काम आहे. पुनरुत्थित प्रभूनेही तिबिर्या समुद्राच्या काठी रात्रभर श्रमलेल्या शिष्यांसाठी विस्तव पेटवून मासळी व भाकर सिद्ध ठेवली होती. पेत्राशी जे बोलावयाचे ते तो न्याहारी झाल्यावर बोलला.

दुसरी गोष्ट. होरेब डोंगरावर सोसाट्याचा वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नि आला. परंतु परमेश्वर वाऱ्यात नव्हता, भूमिकंपात नव्हता, अग्नीतही नव्हता. त्यानंतर जी शांत, मंद वाणी आली ती ऐकून एलीयाने आपले तोंड झग्याने झाकून घेतले. बंधूंनो, ह्यात आपणांस मोठा बोध आहे. वादळ झाले की कोणी म्हणतो, अमावास्येच्या फेऱ्यात निघाले म्हणून बुडाले. कोणी म्हणतो, त्यांच्या हातून पाप घडले असेल. आपल्या प्रभूच्या काळी शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्याने विचारले व ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर दिले. आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करावयास सांगितले. वादळाकडे बोट दाखवून देवाचे मन सांगण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाही. देवाचे मन पाहावयाचे तर वधस्तंभाकडे पाहावे. तेथे त्याने आपल्या पुत्रालाही दुःखातून वगळले नाही.

तिसरी गोष्ट. परमेश्वराने एलीयाला विचारले, तू येथे काय करीत आहेस? एलीयाने आपले सर्व गाऱ्हाणे सांगितले. पुढे तोच प्रश्न पुन्हा आला, आणि एलीयाने तेच गाऱ्हाणे त्याच शब्दांत पुन्हा सांगितले. परमेश्वराने दोन्ही वेळा ऐकून घेतले. हे तर तू मघाशी बोललास, असे तो म्हणाला नाही. दुःखी माणूस एकच हकीकत दहा वेळा सांगतो : तो घरून केव्हा निघाला, जातांना काय बोलला, आपण त्याला थांबविले असते तर! अशा वेळी ऐकणाऱ्याने कंटाळू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत त्यांचे चांगले चालले होते. ते कारणे सांगू लागले, तेव्हा ईयोबाचे दुःख दुणावले.

चौथी गोष्ट मार्गदर्शनाची. ‘का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर एलीयाला मिळाले नाही; त्याला पुढची वाट मिळाली. परत जा, अमक्याला अभिषेक कर, अलीशाला आपल्या जागी नेम, असे परमेश्वराने त्याला सांगितले. ज्याला आपण एकटेच उरलो असे वाटत होते, त्याला एक सोबती मिळाला, आणि बालापुढे गुडघे न टेकलेली सात हजार माणसे अजून आहेत हेही कळले. देवाचे मार्गदर्शन बहुतेक असेच येते. ते पुढच्या पावलापुरते असते, जवळचे असते, आणि त्यात कोणातरी दुसऱ्याची सेवा असते. आज मुलांना शाळेत पाठवावे. आज त्या शेजारणीकडे जावे, तिचाही धनी गेला आहे. अशा साध्या विचारांत प्रभूची वाणी ऐकावयास शिकावे.

ह्याच्या उलट ज्या वाणी मोठ्याने ओरडतात, त्यांपासून सावध असावे. देह कोठे आहे हे भगताला विचारून यावे, असे कोणी सांगेल. तेराव्याचे जेवण घातले नाही तर भावकी काय म्हणेल, म्हणून सावकाराकडून पैसे काढावयास कोणी सांगेल. दुःखाच्या पहिल्या दिवसांत जमीन अगर होडी विकून टाकण्याची घाई कोणी करील. विधवा भगिनींनो, अशा कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी थांबा, प्रार्थना करा, आणि मंडळीतील भरवशाच्या दोन वडील माणसांस विचारा. जे पवित्र शास्त्राविरुद्ध आहे व जे भयाने लोटीत नेते, ते प्रभूचे मार्गदर्शन नव्हे. उत्तम मेंढपाळ पुढे चालतो. तो मागून हाकलीत नाही.

उपदेशक बंधूंनो, आमचे तुम्हांस विशेष सांगणे आहे. शोकाच्या घरी जातांना प्रथम काहीतरी खावयाचे घेऊन जा. बसा. थोडे बोला. एखादे स्तोत्र सावकाश वाचा आणि लहानशी प्रार्थना करा. पंधरा दिवसांनी, लोकांची ये-जा थांबली म्हणजे, पुन्हा जा. वर्ष उलटल्यावर त्या तारखेची आठवण ठेवून जा. ‘रामदास’ बोट बुडाली त्या दिवशी त्या बाजूस असलेल्या रेवसच्या कोळी लोकांनी खवळलेल्या समुद्रात आपल्या होड्यांत माणसे ओढून घेतली व त्यांचे प्राण वाचविले. कोणाची जात अगर धर्म विचारावयास ते थांबले नसतील. बुडणाऱ्याला हात द्यावा, हाच त्या दिवशीचा उपदेश होता.

आणि ज्यांस कबर मिळाली नाही त्यांच्याविषयी काय? प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात योहानाला असे दिसले की, त्या शेवटच्या दिवशी समुद्रानेदेखील आपल्याजवळची मृत माणसे देवापुढे आणून उभी केली. समुद्राने नेलेले कोणीही देवाच्या मोजदादीतून सुटलेले नाही. आपणांस जागा ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे. ज्याने आपल्या पुत्राला मेलेल्यांतून उठविले, त्याच्या हाती आपण आपली माणसे सोपवून द्यावी, आणि रडत रडतच का होईना, त्याने दाखविलेले आजचे पाऊल टाकावे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, ज्यांची माणसे पाण्यात किंवा मातीखाली राहिली, त्यांच्याजवळ तू राहा. त्यांना झोप दे, भाकर दे, आणि सोबती दे. आम्हांला मुकाट्याने त्यांच्याजवळ बसावयास शिकीव. वादळानंतरची तुझी मंद वाणी आमच्या कानी पडो. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.