आनंदाचा आराखडा आणि पाचवं कारण

कधीही न पाहिलेल्या थीम पार्कला पहिल्यांदाच सहकुटुंब जायचं ठरलं, की घरातल्या कुणा एकावर आखणीचं काम येऊन पडतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचंच उदाहरण घ्या. सुट्टीच्या दिवशी द्रुतगती मार्गावर गाड्यांची रीघ लागते, तर घरून निघायचं किती वाजता? तिकिटं आधी काढून ठेवायची का? घरचा डबा आत नेऊ देतात का? सहा वर्षांच्या धाकट्याची उंची कोणत्या राइडला पुरेल, आणि गुडघे धरलेल्या आजीने दिवसभर करायचं काय? हे प्रश्न वरवर व्यवहाराचे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी कर्मविचारातला एक जुना पेच आहे. दुसऱ्याच्या आनंदाची तजवीज आपल्याला करता येते का? आणि ती मनापासून केली, तर त्या आनंदावर आपला काही हक्क लागतो का? माझं म्हणणं असं की आखणी हे घरातल्या माणसांप्रति कर्तव्यच आहे आणि ते होईल तितक्या बारकाईने करावं. मात्र आखायची ती सोबतच्यांची सोय. त्यांचा आनंद आखायला घेतला की आखणीही बिघडते आणि आनंदही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म तडीस जाण्यामागे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. सहलीला ही मांडणी चांगली लागू पडते. अधिष्ठान म्हणजे ती अनोळखी जागा. तिचा नकाशा, सावली कुठे, स्वच्छतागृहं कुठे, हे आधी पाहून ठेवता येतं. कर्ते म्हणजे जाणारी माणसं. त्यांची वयं, दुखणी, आवडी आणि भित्या घरच्यांना ठाऊक असतात. साधनं म्हणजे गाडी, पैसे, टोप्या, औषधं, बदलायचे कपडे. क्रिया म्हणजे दिवसाचा क्रम: गर्दी वाढण्याआधी काय करायचं, उन्हं चढल्यावर कुठे बसायचं. या चारही गोष्टींवर माणसाचा कमीअधिक हात चालतो. पाचव्यावर चालत नाही. रायगडातला पाऊस कधी कोसळेल, विजा चमकू लागल्यावर उघड्यावरच्या राइड किती वेळ थांबतील, आदल्या रात्री कुणाच्या अंगात कणकण येईल, हे कोणत्याही वहीत मांडता येत नाही. ही पाच कारणं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असंही तिथेच पुढे म्हटलं आहे. आखणी करणाऱ्याला नेमका हाच धोका असतो. चार गोष्टी मनासारख्या जुळल्या की पाचवीही आपल्या मुठीत आहे असं त्याला वाटू लागतं.

ते तसं नसतं, याचा दाखला थीम पार्कच्या इतिहासातच आहे. कॅलिफोर्नियात ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. आपल्या मुली चक्रात बसायच्या तेव्हा स्वतःला बाकावर बसून राहावं लागे, त्यातून आईवडिलांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशा जागेची कल्पना सुचली, असं वॉल्ट डिस्ने सांगत. कल्पना स्पष्ट होती, पैसा होता, कुशल माणसं हाताशी होती. तरीही पहिल्याच दिवशी बनावट तिकिटांमुळे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले, आणि नुकत्याच घातलेल्या डांबरात उन्हामुळे बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पाणी प्यायचे नळ आणि स्वच्छतागृहं यांपैकी एकच काम वेळेत पुरं होणार, अशी वेळ आली तेव्हा डिस्ने यांनी स्वच्छतागृहं निवडली. उद्घाटनाच्या धामधुमीत घेतलेला हा साधा निर्णय मला आखणीचा उत्तम नमुना वाटतो. पाहुण्यांना किती मजा येईल याचा हिशेब त्यात नाही. कोणत्या गोष्टीवाचून माणसाची खरी अडचण होईल, एवढाच विचार आहे. ज्याने पार्क उभं केलं त्याच्याही हाती पाचवं कारण नव्हतं. तेव्हा पार्क प्रथमच पाहायला निघालेल्या कुटुंबाने ते कारण हाती असल्याचा आव कशाला आणावा?

आनंद थेट धरायला गेलं की तो निसटतो, हे तत्त्वज्ञांनी फार पूर्वी ओळखलं. जॉन स्टुअर्ट मिल सुखवादी परंपरेतला, पण १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने कबूल केलं की सुखालाच ध्येय मानणाऱ्याला ते भेटत नाही. दुसऱ्या कशात तरी मन रमलेलं असताना ते वाटेत भेटतं. अलीकडच्या प्रयोगांनीही याला दुजोरा दिला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना संगीत ऐकताना मुद्दाम आनंदी व्हायचा प्रयत्न करायला सांगितलं. नुसतंच ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांचा आनंद कमी भरला. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कॉक यांनी २०१६ मध्ये मांडलेले निष्कर्ष तर आपल्या विषयाला अगदी लागून आहेत. विरंगुळ्याच्या गोष्टी घड्याळाच्या काट्यावर बसवल्या की त्या कामासारख्या वाटू लागतात आणि त्यांतली गोडी कमी होते. पण वेळ काटेकोर न ठरवता अंदाजाने ठरवली तर गोडी टिकते. म्हणजे दोष आखणीचा नाही, आखणीच्या मुठीचा आहे. ‘सकाळी मोठ्या राइड, जेवणानंतर सावलीतलं काहीतरी’ हे आखणं पुरेसं आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी अमुक ठिकाणी पोचलंच पाहिजे असं ठरलं, की दहा मिनिटांचा उशीरही अपराध होऊन बसतो.

फळाची आस सोडायची म्हणजे फळाचा विचारच करायचा नाही, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांचा सगळा रोख निष्क्रियतेच्या विरुद्ध आहे; कर्म डोळसपणे, परिणामांचा विचार करून, पण आसक्ती सोडून करावं, असा त्यांचा आग्रह. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत विनोबांनी बाहेरच्या कर्माला आतल्या चित्ताची जोड मिळाली की कर्माचं ओझं उरत नाही, असं समजावून सांगितलं. आता या कसोटीवर सहलीतला एक प्रसंग घासून पाहू. इमॅजिकातली ‘नायट्रो’ ही मोठी रोलर कोस्टर जवळपास चाळीस मीटर उंच आहे, तिच्या डब्याला तळ नाही आणि पाय अधांतरी लोंबकळतात. उंचीच्या पट्टीखाली ऐटीत उभी राहून पास झालेली बारा वर्षांची मुलगी तासभर रांगेत थांबते, आणि अगदी पाळी आल्यावर म्हणते, मला नाही बसायचं. वडिलांच्या तोंडून त्या क्षणी काय निघेल? ‘एवढे पैसे भरले, एवढा वेळ उभे राहिलो, आणि आता?’ हे वाक्य निघालं की समजावं, आखणी मुलीसाठी नव्हती. ती आखणी करणाऱ्याच्या मनातल्या एका चित्रासाठी होती आणि मुलीने त्यात आपली जागा भरावी अशी अपेक्षा होती. याचंच नाव फलाशा. मुलीच्या सोयीसाठी आखणाऱ्याला तिची भीतीही दिवसाचाच भाग वाटेल, आणि तिला घेऊन तो रांगेतून बिनबोभाट बाहेर पडेल.

यावर पहिला आक्षेप असा की मग आखायचंच कशाला? सकाळी उठावं, गाडी काढावी, जे होईल ते होईल. ऐकायला हे वैराग्यासारखं वाटतं. पण त्याची किंमत कोण मोजतं ते पाहावं. ऐनवेळी निघालेल्या सहलीत बाळाचे कपडे, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या कुणीतरी भराभर गोळा केलेल्याच असतात, आणि ते कुणीतरी बहुतेक घरांत बाईमाणूस असतं. ज्याच्या मागे निमूटपणे सगळं बांधून देणारं माणूस आहे त्यालाच बेफिकिरी परवडते. शिवाय न आखलेल्या दिवशी सगळ्यांत आधी त्रास होतो तो सगळ्यांत दुबळ्याला: भुकेल्या लेकराला, उन्हात टेकायला जागा न मिळालेल्या म्हाताऱ्याला. म्हणून आखणीचा त्याग ही अनासक्ती नव्हे. ते आपलं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवणं आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. मध्यमवर्गीय घरात पाच-सहा जणांचा असा एक दिवस म्हणजे चांगलाच खर्च. त्याचा मोबदला मागू नये हे कुठलं अध्यात्म? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर अपेक्षा कुणाकडून आहे यात सापडतं. तिकीट विकणाऱ्याकडून सुरक्षित राइड, स्वच्छ जागा, प्यायचं पाणी, जाहीर केलेल्या सोयी मागणं हा हक्क आहे; तिथे गप्प बसणं म्हणजे अनासक्ती नाही, ती ढिलाई आहे. पण मुलाने किती हसावं, बायकोने किती कौतुक करावं, आईने थकल्याची तक्रार करू नये, हे काही तिकिटात लिहिलेलं नसतं. त्या वसुलीला जागा नाही. पैसे पार्कला दिले आहेत, घरच्यांना नव्हे. घरच्यांवर त्याचं कर्ज चढत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा सगळा विकतचा, बनवलेला आनंद; त्याला गीतेची चर्चा कशाला चिकटवायची? थीम पार्क हा बाजार आहे हे खरंच. पण आपल्या देवस्थानांच्या जत्रांत देवळापासून हाकेच्या अंतरावर पाळणे फिरत आले आहेत, आणि देवाला नारळ फोडून पाळण्यात बसायला धावणाऱ्या पोरांना कुणी पाखंडी म्हटलं नाही. कर्मविचार फक्त पवित्र मानलेल्या जागांसाठी राखून ठेवायचा असता, तर अरणच्या मळ्यात राबणाऱ्या सावता माळ्याला संतपद कसं मिळालं असतं? उलट, जिथे पैसा, उत्साह आणि अपेक्षा एकत्र येतात तिथेच आसक्ती लवकर उघडी पडते. तिची परीक्षा तिथेच व्हावी हे योग्य.

काटेकोर आखणी आणि मोकळं मन एकत्र नांदूच शकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी पंढरीच्या वारीकडे पाहावं. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी जी शिस्त घालून दिली ती आजही टिकून आहे. मुक्काम ठरलेले, रथाच्या पुढे-मागे दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर गेला की हजारोंचे टाळ-मृदंग एका क्षणात थांबतात, आणि हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दी दिली जाते. कुणाचा तांब्या हरवला याचीही दखल घेणारी ही व्यवस्था. आणि एवढं चालून आषाढीला गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही, तर वारकरी कळसाला हात जोडतो आणि वारी पुरी झाली असं मानतो. व्यवस्थेत कसूर नाही आणि फळावर दावा नाही. ही दोन्ही अंगं आपल्याच मातीत शेकडो वर्षं एकत्र वाढली आहेत.

तेव्हा अनोळखी पार्कची पहिली सहल आखताना सुरुवात सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या माणसापासून करावी; त्याला जे झेपेल त्याभोवती दिवस बांधावा, आणि धडधाकटांनी दोन राइड कमी झाल्या तर सोसावं. दिवसाचा काही भाग मोकळा ठेवावा. निघण्याआधीच सगळ्यांना सांगून टाकावं की कुणीही, कुठल्याही रांगेतून, कारण न देता बाहेर पडू शकतं. आणि परतताना ‘मजा आली ना?’ हा प्रश्न उत्तर ठरवून विचारू नये. ‘नाही’ हे उत्तरही तितक्याच मायेने ऐकून घेण्याची तयारी असेल तरच विचारावा. चार कारणं नीट सांभाळणं ही आपली जबाबदारी आहे. पाचवं सोडून देणं हीसुद्धा जबाबदारीच आहे, कारण ते सोडलं तरच सोबतची माणसं आपापला आनंद मोकळेपणी घेऊ शकतात.