वॉर्डातल्यांसाठी मागणं

पांडुरंगा, आज माझ्यासाठी काही मागत नाही. सरकारी दवाखान्याच्या या मेडिकल वॉर्डात पडलेल्यांसाठी मागते आहे.

एचआयव्ही अंगात वर्षानुवर्षं गप्प राहतो. माणसाला खाटेवर आणतात ते दुसरेच. टीबी, मेंदूच्या आवरणात शिरलेली बुरशी, फुफ्फुसातला न्यूमोसिस्टिस, मेंदूत गाठी करणारा टॉक्सो, घास गिळू न देणारा घशातला पांढरा थर. धडधाकट शरीर यांतल्या बहुतेकांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. रक्तातल्या लढाऊ पेशींचा, सीडीफोरचा, आकडा 200 च्या खाली गेला की दार सताड उघडंच.

देवा, या आजारांना औषधं आहेत, म्हणूनच जीव तुटतो. सेप्ट्रानची साधी, स्वस्त गोळी रोज पोटात गेली तर न्यूमोसिस्टिस आणि टॉक्सो दोन्ही बहुतेक वेळा दूर राहतात. एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, एआरटी, फुकट मिळतात. तरी माणसं आमच्यापर्यंत येतात ती हाडं उरल्यावर. कुणी ऊसतोडीला गेलं आणि गोळ्या सुटल्या. कुणाकडे एसटीचं भाडं नव्हतं. कुणी सासरच्यांपासून डबी लपवता लपवता घेणंच सोडलं. त्यांच्या पदरी दोष घालू नकोस, माउली. त्यांच्या वाटेतला उशीर तेवढा काढून घे.

टीबी यांना सगळ्यात जास्त नेतो, आणि नेतो तोही लपूनछपून. प्रतिकारशक्ती खालावली की बऱ्याचदा बेडक्यात जंतू सापडत नाही, एक्सरे साफ दिसतो, आणि रोग पोटात नाहीतर मेंदूत बसलेला असतो. लघवीच्या चार थेंबांवर अर्ध्या तासात त्याचा माग काढणारी पट्टी आता निघाली आहे. ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचव. जिथे पोचली आहे तिथे ती वापरायची आठवण डॉक्टरांना दे.

आणि भिंतीकडच्या खाटेवरचा तो दादा. किती दिवस डोकं दुखत होतं, गावात पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा इथं आणला. पाठीतलं पाणी काढलं, काळ्या शाईत मिसळून पाहिलं, तर बुरशीभोवती स्वच्छ वलयं. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं त्याच्या आईला कुणीतरी सांगितलंय. ती भीती तिच्या मनातून घालव. डोक्यातला दाब त्या सुईनंच उतरतो, पुन्हा पुन्हा काढावं लागलं तरी तिनं नाही म्हणू नये. बुरशीवरचं अँफोटेरिसिन चढताना त्याला हुडहुडी भरते, पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडावर ताण येतो. आधी सलाईन देण्याचा आम्हाला कंटाळा येऊ देऊ नकोस, आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट वेळेवर येऊ दे.

बोट्सवाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या असल्याच आजाऱ्यांनी अभ्यासात भाग घेतला, म्हणून कळलं की लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन औषधांच्या गोळ्या एवढ्यावर भागतं, त्रासही कमी होतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो उपचार स्वीकारला. त्या अनोळखी माणसांचं भलं कर. पण त्यातलं फ्लुसायटोसिन कित्येक गरीब मुलखांत अजून हाताला लागत नाही. ज्यांच्या सहीवाचून खरेदी अडते, त्यांच्या मनात हा वॉर्ड भरू दे.

आमच्या तोंडालाही आवर घाल. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं माणसाच्या संमतीवाचून त्याचा आजार कुणाला सांगायची बंदी आहे. तरी शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं कुणीतरी बोलतं, आणि भेटायला येणारा भाऊ दुसऱ्या दिवसापासून येत नाही. तो भाऊ परत येऊ दे.

त्या दादाची एआरटी आज लगेच सुरू करता येत नाही. घाई केली तर मेंदूतली सूज जिवावर बेतते, म्हणून चार ते सहा आठवडे थांबायचं आहे. तेवढे दिवस त्याचं मूत्रपिंड सांभाळ, विठ्ठला. त्याच्या आईला रोज दोन वेळचं जेवण मिळू दे, आणि एआरटी सेंटरच्या तारखेला त्याला त्याच्या पायांनी चालत जाऊ दे.