बाळासाठी मऊ भात

मे महिन्यात कोकणात निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर हमखास एखादं दीड-दोन वर्षांचं पिल्लू असतं. मोठ्यांचा बेत ठरलेला: गणपतीपुळ्याला दर्शन, मालवणात सुरमईचं ताट, वर सोलकढी. पोराची भूक मात्र बेत पाळत नाही. त्याला बाराला भात हवा, आणि खाणावळीत पानं मांडायला दीड वाजतो. मग हातात चिप्सचं पाकीट येतं आणि जेवण बोंबलतं.

खरं तर घरगुती खाणावळीइतकी सोय दुसरीकडे नाही. सकाळीच फोन करून सांगावं, "काकू, बाळासाठी मऊ भात, बिनतिखट वरण, थोडं तूप." नाही म्हणणारी काकू मला अजून भेटायची आहे! सुरमईचा मधला काटा जाड, काढायला सोपा. बांगड्याच्या बारीक काट्यांच्या वाटेला लहानग्यासाठी जाऊ नये. अख्खे शेंगदाणेही नकोत, घशात अडकतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट मुळीच नको.

शेजारच्या टेबलावर भात सांडला, रडारड झाली, तर कृपा करून वळून बघू नका. त्या आईचं स्वतःचं जेवण अजून व्हायचंय.