पाण्याखालचे शेत

वासोट्याला जायचे तर बामणोलीहून लाँचमध्ये बसावे लागते. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तास गेले की अरण्याचा काठ लागतो. चांदोली राष्ट्रीय उद्यानासह हे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गडावर मारुती आहे, पाण्याचे टाके आहे, वाड्याचे जोते आहे. आणि बाबूकड्याच्या टोकाशी उभे राहिले की पोटात गोळाच येतो! १८१७ साली दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते. वाटाड्या हे हौसेने सांगतो, आपणही माना डोलावतो.

परतताना आम्ही 'काय सुंदर पाणी!' म्हणत होतो. नावाडी सहज बोलला, "पाव्हणं, हितं खाली आमच्या आज्याचं शेत हाय."

मग कोणी बोलेना.

साठ-एक वर्षांपूर्वी धरण झाले आणि खोऱ्यातली माणसे चुली विझवून कुठकुठे पांगली. दोन परक्या कैद्यांची आठवण आपण दोनशे वर्षे जपली. या घरांना मात्र 'प्रेक्षणीय स्थळां'त जागा नाही. मग ते पाणी सुंदर म्हणूच नये काय? मला तसे वाटत नाही. आपण डोळे मिटल्याने शेत वर येणार नाही. शिवाय हा अंक आपण ज्या दिव्याखाली वाचता आहात, त्यात कोयनेचा अंश असेलच की! पण नुसते 'वा!' म्हणून उठायला त्या दिवशी जीव धजेना.

मी गावाचे नाव विचारले. त्याने सांगितले. मग वाडीतली घरे सांगितली, आज्याकडून ऐकलेली आंब्यांची नावेही. धक्का आला, तरी त्याचे सांगणे संपले नव्हते.